रानडुक्कर मारायचा परवाना देताय, पण कुठल्या बंदुकीने मारायचं ते पण लिहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या पानावर एका वाचकाने लिहिलं होतं की सरकार रानडुक्कर मारायचा परवाना देतं तरी कोकणातले शेतकरी अर्ज करत नाहीत, डुकरं मारत नाहीत, आणि मग नुकसानभरपाईसाठी ओरडत बसतात. पत्र वाचून वाईट वाटलं. त्या वाचकांचा दोष नाही, लांबून बातमी वाचली की असंच वाटणार, परवानगी आहे, बंदूक आहे, मग अडतंय कुठे? पण ही कुठली बंदूक, तिच्यात काय भरायचं, ती किती लांब मारते आणि त्या गोळीने क्विंटलभर वजनाचं जनावर खरंच जागेवर पडतं का हे कोणी विचारतच नाही. पेपरात नाही, विधानसभेत नाही, आणि ज्या कागदावर परवानगी येते त्या कागदावर पण नाही. म्हणून हे पत्र, जरा लांब झालंय पण शक्य असेल तर पूर्ण छापा.

मी लांजा तालुक्यातला, थोडं भात आणि काजू-नारळाची बाग. आमच्याकडे शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना आजोबांच्या वेळेपासून आहे, गावात आणखी काही घरांत आहे. आणि यातल्या बहुतेक बंदुका ठासणीच्या आहेत. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्या किंवा चिंधी गजाने ठासायची, मग छर्रे किंवा गोळी, परत ठासायचं, मागे ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि मग घोडा. एक बार उडाला की परत हे सगळं पहिल्यापासून, रात्रीच्या अंधारात, हातात बॅटरी, वर पाऊस. भाताला लोंबी धरते तेव्हा आमच्याकडे पाऊस पूर्ण गेलेला नसतो हो, दारू जरा सर्दावली की टोपी फुटते आणि बार उडतच नाही. नुसता आवाज काढून डुक्कर पळवायचं तर ही बंदूक ठीक आहे, पूर्वी त्यासाठीच होती. पण "मारा" म्हणून परवानगी देणार असाल तर ते वेगळं काम आहे, त्याला वेगळं हत्यार लागतं.

आता कोणी म्हणेल ठासणीची का वापरता, दुसरी घ्या. तर कायदा बघा. शस्त्र अधिनियम १९५९, कलम १३. त्यात सरळ लिहिलंय की शेती राखायला परवाना मिळणार तो ठासणीच्या बंदुकीचा. पुढे एक पुस्ती जोडलेली आहे की परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली की ठासणीची पुरणार नाही, तर तो दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देऊ शकतो, नळी वीस इंचांपेक्षा कमी नको. म्हणजे आपली १२ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचं माप). त्याच कलमात २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत .२२ रायफलचा उल्लेख होता पण तो रायफल क्लबच्या मेंबरला टार्गेट प्रॅक्टिससाठी. शेतीसाठी रायफल हा शब्दच त्या ओळीत नाही. रायफल हवी तर "योग्य कारण" दाखवून वेगळ्या पोटकलमाखाली मागायची, आणि साध्या शेतकऱ्याला ते कारण कोणाला पटवता येतं ते ज्याने कलेक्टर ऑफिसच्या फेऱ्या मारल्यात त्याला माहितीय. १९५९ साली हे ठरलं तेव्हा त्यात काही चूक होती असं मी म्हणत नाही, तेव्हा पीक राखणं म्हणजे मुख्यतः हाकलणंच होतं. पण आज तेच कलम आणि वनखात्याचा पारध परवाना असे दोन कागद एका शेतकऱ्याच्या हातात आहेत आणि त्या दोन कागदांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

याचा परिणाम काय होतो ते जरा नीट सांगतो कारण खरी गोष्ट इथे आहे.

मोठा नर डुक्कर म्हणजे शंभर किलोच्या आसपासचं जनावर. त्याच्या खांद्यापासून बरगड्यांपर्यंत कातडीखाली चिवट जाड थर असतो, नर एकमेकांशी सुळ्यांनी भांडतात तेव्हा त्याच थराने ते वाचतात. काळीज आणि फुप्फुस त्याच्या बरोबर मागे, आणि तेही खाली, पुढच्या पायाच्या लगत. आता यावर तुम्ही छर्रे मारले, म्हणजे १२ बोअरचं साधं बारीक छऱ्याचं काडतूस किंवा ठासणीत भरलेले शिशाचे तुकडे, तर ते कातडीत आणि त्या थरात अडकतात. डुक्कर पडत नाही. ओरडतं आणि जंगलात जातं. मग ते दोन दिवसांनी, चार दिवसांनी कुठेतरी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, मरतं, जखम सडून, किड पडून. किंवा मरतच नाही, लंगडं होतं, त्याला नीट चरता येत नाही मग ते उलट वाडीच्या जवळ येतं, आणि सकाळी गवताला गेलेल्या बाईच्या अंगावर जातं. जखमी डुकराच्या मागे जाणं काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच माहिती, करवंदीच्या जाळीत ते निपचित बसून राहतं आणि तुम्ही तीन पावलांवर आलात की थेट अंगावर येतं, मांडीची शीर सुळ्याने फाडली गेली तर माणूस तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पण पोचत नाही. म्हणून गावातली समजदार माणसं परवाना असून बंदूक उचलत नाहीत. त्याला आळस म्हणू नका. जे हत्यार आहे त्याने जनावर धड मरणार नाही हे त्यांना ठाऊक आहे म्हणून ते थांबतात.

आणि मला त्या जनावराचं पण वाटतं, हे मी मोकळेपणाने लिहितो. डुकराने माझं भात एका रात्रीत लोळवलेलं आहे, नारळाची नवी रोपं मुळासकट उकरलेली आहेत, तरी ते जनावर चार दिवस कण्हत मरावं असं मला कधीच वाटलं नाही. मारायचं तर एका गोळीत मारा. नाहीतर मारू नका.

आता आपल्या देशात बोअरवर बंधनं आहेत, भरपूर आहेत, पण ती कशासाठी आहेत ते बघा. शस्त्र नियमांमध्ये जे "प्रतिबंधित बोअर" आहेत त्यात .३०३ आणि ७.६२ च्या रायफली येतात, .४१० मस्केट येतं, ९ एमएम आणि .४५५ ची पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं येतात. यात एकच सूत्र आहे, ज्या बंदुकीत लष्कराचं किंवा पोलिसांचं काडतूस बसतं आणि उडतं ती सामान्य माणसाला नको, म्हणजे सरकारी दारूगोळा चोरून बाहेर वापरता येणार नाही. हे इंग्रजांपासून चालत आलंय. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरची काडतुसं आणायला बंदी घातली कारण बंडखोरांकडे जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली होत्या आणि त्यांना ही काडतुसं मिळू नयेत. मग विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी काय केलं तर .४७०, .४६५ असे नवीन बोअर काढले, हत्तीसाठी वाघासाठी, जे थोडेसेच वेगळे पण कायद्यातून सुटणारे. आपली .३१५ पण त्याच वाटेवरची. .३०३ चालत नाही म्हणून ८ मिलिमीटरची .३१५, सरकारी कारखान्यात बनणारी, आणि तिचं काडतूस पुण्याच्या खडकीच्या कारखान्याचं, बुडावर "केएफ" असा शिक्का असतो. सुरक्षेसाठी हे बंधन हवंच, त्यावर माझा काही आक्षेप नाही. माझं म्हणणं एवढंच की बोअरचा आपला सगळा विचार चोराला डोळ्यासमोर ठेवून झालाय, समोरच्या जनावराला डोळ्यासमोर ठेवून कधी झालाच नाही.

कधीच नाही म्हणणं पण बरोबर नाही, एकदा झाला होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला तेव्हा त्यात शिकारीचे परवाने होते आणि कलम १७ मध्ये शिकार कशी करायची नाही याची यादी होती. गाडीतून नाही, विष घालून नाही, जाळं-खड्डा-स्फोटकं नाहीत, रात्री नाही, पाणवठ्यावर नाही वगैरे. त्यातच एक ओळ होती की मोठं सावज रायफलशिवाय दुसऱ्या कशाने मारायचं नाही, आणि छऱ्याच्या बंदुकीने मारायचं तर परवान्यावर खास तशी परवानगी पाहिजे आणि काडतूस अखंड एक गोळीचं पाहिजे. किती शहाणपणाची ओळ होती बघा! ज्याने लिहिली त्याला जंगल माहिती होतं. पुढे १९९१ च्या दुरुस्तीत शिकारीचे परवानेच बंद झाले, चांगलं झालं, पण त्यांच्याबरोबर ते कलम १७ पण गेलं. आता शिकार नाही म्हटल्यावर शिकारीचे नियम कशाला, हे बरोबरच. पण नंतर पिकांचं नुकसान वाढलं, कलम ११ खाली रोही (म्हणजे नीलगाय) आणि रानडुक्कर यांच्यासाठी पारध परवाने सुरू झाले, म्हणजे गोळी परत आली, आणि ती ओळ मात्र परत आली नाही. तेव्हापासून डुकराला कशाने मारायचं यावर एक अक्षर मला तरी कुठे सापडलं नाही.

गंमत म्हणून नाही, पण तुलना म्हणून सांगतो. नरभक्षक ठरलेला वाघ किंवा बिबट्या मारायचीच वेळ आली तर त्यासाठी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या सूचना आहेत आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की काम नेमबाजी नीट येणाऱ्या खात्याच्या माणसाने करावं आणि बंदूक .३७५ मॅग्नमच्या खालची नको. खालची नको, म्हणजे किमान मर्यादा. बिबट्याचं वजन बऱ्याचदा मोठ्या डुकरापेक्षा कमी असतं. तिथे किमान बोअर ठरवून दिलाय कारण जखमी बिबट्या सुटला तर काय होईल हे लिहिणाऱ्याला कळत होतं. हिंस्र श्वापदाच्या बाबतीत शेतकऱ्याने बंदूक उचलायचीच नाही हे मला पूर्ण मान्य आहे, जुन्नरकडचे लोक काय भोगतायत ते आम्ही वाचतो, आमच्याकडे पण बिबटे घराच्या अंगणातून कुत्री नेतात, तरी ते काम वनखात्याचंच. पण जो विचार वाघ-बिबट्यासाठी झाला तो डुकरासाठी आणि रोहीसाठी व्हायला काय हरकत आहे, जखमी डुकराने माणसं मरत नाहीत का?

बाहेरच्या देशात हा विचार फार बारकाईने झालाय. जर्मनीत रानडुक्कर हा शेतीचा मोठाच त्रास आहे, तिथे रात्री पण डुक्कर मारायला मुभा आहे जी हरणांना नाही. पण त्यांच्या शिकार कायद्याचं १९ वं कलम सांगतं की छोट्या रो हरणासाठी गोळीत शंभर मीटरवर निदान १,००० जूल ताकद पाहिजे आणि डुकरासारख्या मोठ्या जनावरासाठी नळीचा व्यास निदान ६.५ मिलिमीटर आणि शंभर मीटरवर २,००० जूल. छर्रे मारायला बंदी. अंदाज यावा म्हणून सांगतो, .२२ च्या साध्या गोळीत नळीच्या तोंडाशीच दोनशे जूलच्या आत-बाहेर ताकद असते आणि आपल्या .३१५ मध्ये तीन हजारांच्या आसपास. इंग्लंडमध्ये १९९१ च्या हरीण कायद्यात किमान .२४० बोअर आणि १,७०० फूट-पाउंड ताकद, लहान जातीच्या हरणांसाठी त्यापेक्षा कमी. आणि आपल्याला सगळ्यात जास्त उपयोगी गोष्ट म्हणजे तिथे पिकाचं नुकसान करणाऱ्या हरणासाठी शेतकऱ्याला १२ बोअर वापरायची सूट आहे, पण सूट देताना पण लिहिलंय की काडतुसात एकच गोळी, ती निदान ३५० ग्रेन (गोळीच्या वजनाचं इंग्रजी माप) वजनाची, किंवा मग ठरवून दिलेल्या मोठ्या मापाचेच छर्रे. म्हणजे शेतकऱ्याची अडचण पण समजून घेतली आणि जनावराचे हाल पण होऊ दिले नाहीत. हे आपल्याला जमणार नाही असं काय आहे त्यात? एक ओळ लिहायचीय.

आता दुसरी बाजू, कारण लगेच कोणीतरी म्हणेल की तुम्हाला सगळ्या शेतकऱ्यांना रायफली वाटायच्या आहेत का. अजिबात नाही. उलट मी याच्या विरोधात आहे.

आमचं कोकण म्हणजे वाड्या. या टेकडीवर चार घरं, त्या उतारावर सहा, मध्ये बाग, पायवाटा, रात्री नाटकाच्या तालमीवरून घरी येणारी पोरं, पहाटे फुलं-दूध घेऊन निघालेली माणसं. .३१५ ची गोळी चुकली तर ती किलोमीटरच्या हिशोबात जाते. अहो, ती छोटी .२२, जिला लोक खेळणं समजतात, तिची गोळी पण दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि दगडावर किंवा पाण्यावर आपटून कुठेही वळू शकते. दरवर्षी कुठून ना कुठून बातमी येते की डुक्कर समजून झाडलेली गोळी सोबत्यालाच लागली, आणि या बातम्या बहुतेक ठासणीच्या आणि १२ बोअरच्या असतात, तिथे रायफल आली तर काय होईल कल्पना करा. अमेरिकेत ओहायोसारख्या राज्यात, जिथे जमीन सपाट आणि शेताशेताला घर, तिथे हरणाच्या शिकारीला आधी मुख्यतः छऱ्याच्या बंदुकीतल्या अखंड गोळीला परवानगी होती, रायफलला नव्हती, आणि २०१४ पासून रायफल आली ती पण फक्त सरळ नळकांड्याच्या आखूड पल्ल्याच्या काडतुसांची, लांब पल्ल्याची नाही. म्हणजे बोअरला खालची मर्यादा जनावरासाठी आणि वरची मर्यादा माणसासाठी. दोन्ही पाहिजेत. एकच बाजू धरून चालत नाही.

म्हणून मला जे वाटतं ते असं. कोकणात, वाडीच्या जवळ, १२ बोअर हीच बरोबर बंदूक आहे पण तिच्यात अखंड गोळीचं काडतूस आणि तीस-पस्तीस मीटरच्या आतच, मचाणावरून, म्हणजे गोळी खाली जमिनीत जाईल. छर्रे भरून डुकरावर बार टाकायला सरळ बंदी घाला, .२२ ला बंदी, ठासणीच्या बंदुकीने आवाज काढा, हाकला, पण मारायला ती नको. कलम १३ मधली जी पुस्ती आहे, ठासणीची पुरत नसेल तर दुसरी द्या म्हणणारी, ती वापरून ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या परवाना आहे आणि ज्यांच्यावर एक साधी तक्रार नाही त्यांना ठासणीच्या जागी १२ बोअर बदलून द्या. बदलून, वाढवून नाही. बंदुकांची संख्या तेवढीच राहील.

रायफल लागेल ती वेगळ्या ठिकाणी. विदर्भात, मराठवाड्यात रोहीचा त्रास आहे, नर रोही दोन क्विंटलच्या वर जातो आणि उघड्या माळावर तो तुम्हाला तीस मीटरवर येऊ देत नाही, तिथे १२ बोअरचा उपयोग नाही, तिथे .३१५ किंवा त्याच्या बरोबरीचं काहीतरी पाहिजे. पण ते प्रत्येक शेतकऱ्याच्या हातात नको. तालुक्याला चार-सहा माणसं, त्यात माजी सैनिक भरपूर मिळतील, आमच्याकडे तर घरटी एक आहे म्हटलं तरी चालेल, त्यांची पोलिसांच्या रेंजवर दरवर्षी परीक्षा घ्या, ठरलेल्या अंतरावर ठरलेल्या वर्तुळात गोळ्या बसल्या तरच त्या वर्षाचं नाव यादीत. केरळात २०२२ पासून डुक्कर मारायची परवानगी द्यायचा अधिकार ग्रामपंचायत पातळीवर दिलाय आणि परवानाधारक बंदूकवाल्यांना बोलावून काम होतं, म्हणजे ही कल्पना काही हवेतली नाही. २०१६ मध्ये बिहारने मोकामाच्या भागात रोहींसाठी बाहेरून नेमबाज आणले होते, तेव्हा दिल्लीत मनेका गांधी आणि आपले प्रकाश जावडेकर यांच्यात मोठा वाद झाला, मारावं की मारू नये यावर. तो वाद महत्त्वाचा आहेच. पण मारायचं ठरल्यावर कसं मारायचं, कुठली गोळी, किती अंतर, जखमी झालं तर मागे कोण जाणार, यावर त्या वादात कोणी बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

जखमी जनावराच्या मागे जायची जबाबदारी पण कागदावर पाहिजे. आज परवान्याने मेलेलं डुक्कर वनखात्याच्या ताब्यात द्यायचं, पंचनामा, विल्हेवाट, हे सगळं ठरलेलं आहे. मेलेल्याचा हिशोब आहे, जखमी होऊन गेलेल्याचा नाही. बार झाला आणि जनावर गेलं तर तेवढ्याच तातडीने कळवायचं आणि उजेडात शोध घ्यायचा असं लिहून द्या, नाहीतर कोणी कशाला सांगेल.

आणि हे सगळं केलं नाही तर काय होतं तेही लोकांना कळू दे. बंदुकीने काम होत नाही म्हटल्यावर काही लोक दुसऱ्या वाटेला जातात. फासकी लावतात, डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासकीत बिबट्या अडकतो आणि कंबरेत तार रुतून मरतो, कोकणात हे किती वेळा झालंय ते वनखात्याच्या कुठल्याही गार्डला विचारा. कुंपणात करंट सोडतात, त्यात डुक्कर मरतं आणि शेजारचा माणूस पण मरतो, गुरं मरतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गावठी बॉम्ब, पिठाच्या गोळ्यात किंवा चरबीत स्फोटकं लपवून टाकतात, डुकराने चावलं की जबडाच उडतो आणि ते तसंच दिवसच्या दिवस फिरतं. गाईने खाल्लं तर गाईचा. हे करणाऱ्यांचं मी समर्थन करत नाही, ते गुन्हेगारच आहेत, त्यांना शिक्षा व्हायलाच पाहिजे. पण कायदेशीर वाट नीट नसेल तर बेकायदेशीर वाटेवर गर्दी होते, आणि त्या वाटेवर ना बोअर असतो ना अंतर ना जनावर बघून बार टाकणं.

छोट्या जनावरांबद्दल पण एक लिहितो कारण त्यात तरुण पोरं अडकतात. एअरगन. २० जूलच्या आतली आणि .१७७ पर्यंतची एअरगन परवान्याशिवाय मिळते म्हणून पोरांना वाटतं की तिने काहीही मारलं तरी चालतं. नाही चालत. ससा, होला, तितर, लाव्हा, खवलेमांजर, साळिंदर सगळं वन्यजीव कायद्यात आहे, बंदुकीला परवाना लागत नाही म्हणून शिकारीला माफी नाही. शिवाय त्या छऱ्याने ससा मरत पण नाही नीट, पोटात बसला की तो झुडपात जाऊन मरतो. एअरगन विकणाऱ्या दुकानात हे मराठीत मोठ्या अक्षरात लावायची सक्ती केली तर किती पोरं वाचतील, जनावरं पण वाचतील.

अजून एक अडचण जी त्या वाचकांना माहिती नसावी. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलिसांत जमा. २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झालं, म्हणजे भात पिकून उभं असतं, कापणी-झोडणी चालू असते नेमके ते दिवस. निवडणूक आयोगाच्या सूचना सरसकट सगळ्यांच्या बंदुका घ्या असं सांगत नाहीत, जिल्ह्यात छाननी समिती असते आणि तिने ज्यांच्यावर गुन्हे आहेत, जे जामिनावर आहेत, ज्यांचा आधी दंगलीत संबंध आलाय अशांचे परवाने बघून ठरवायचं असतं. प्रत्यक्षात खेड्यात निरोप येतो तो सगळ्यांना सारखाच. ज्या म्हाताऱ्याने आयुष्यात डुक्कर आणि वानर सोडून कशावर बंदूक रोखली नाही तो पण एसटीत बंदूक कापडात गुंडाळून ठाण्यात नेऊन देतो. आणि मग पत्र येतं की शेतकरी डुकरं मारत नाहीत.

माझी मागणी साधी आहे आणि ती दिल्लीला जायची पण गरज नाही. शस्त्र कायदा केंद्राचा, तो बदलेल तेव्हा बदलेल. पण पारध परवाना आपलं राज्याचं वनखातं देतं, कलम ११ खाली लेखी आदेश निघतो, त्या आदेशात अटी घालता येतात. त्या अटींमध्ये कुठलं जनावर, कुठला बोअर, काडतूस अखंड गोळीचं, जास्तीत जास्त अंतर, मचाण, आणि जखमी झालं तर काय, एवढं छापील लिहा. रोहीला वेगळं, डुकराला वेगळं, कोकणाला वेगळं आणि माळरानाला वेगळं. आणि ती अखंड गोळीची काडतुसं शेतीसंरक्षण परवाना असणाऱ्याला जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतील असं बघा, कारण आत्ता दुकानात विचारलं तर बहुतेक वेळा छऱ्याचीच मिळतात आणि मग माणूस जे मिळालं ते भरतो.

या भागातले आमदार आणि वनखात्याचे वरिष्ठ अधिकारी हा पेपर वाचतात हे मला माहिती आहे. भात आत्ता पोटरीत आहे, अजून महिनाभर वेळ आहे, या हंगामाचे परवाने निघायच्या आत एवढं एक परिपत्रक काढता आलं तर बघा.

आपला,
एक भातशेतकरी आणि बागायतदार
ता. लांजा, जि. रत्नागिरी